हलक्या मालाचा झोका

मी कॉलेजात नक्की काय शिकवते, हे आमच्या इमारतीतल्या बायकांना सांगताना माझी कायम पंचाईत व्हायची. 'मेकॅनिक्स' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गॅरेज यायचं. तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा स्कूटर चालू होत नाही म्हणून मला खाली बोलावून घेतलं. मी गेले, दोन-तीन किका मारल्या, ती काही चालू झाली नाही, परत वर आले. तेव्हापासून त्यांचा माझ्या शिक्षणावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच.

मी परळला वाढले आणि परळलाच राहते. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, कामगार होते. एकतीस वर्षं मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात उपयोजित यांत्रिकी शिकवलं. त्यातही माझा जीव एकाच गोष्टीत रमला, ती म्हणजे एकाखाली एक टांगलेले लंबक. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दोरीला दगड बांधून टांगला आणि हलकासा धक्का दिला की तो झुलतो. हा झाला लंबक. आत्ता तो कुठे आहे आणि किती वेगात आहे हे माहीत असेल, तर पुढच्या क्षणी तो कुठे जाईल हे सांगणारं एक वाक्य लिहिता येतं. त्याला आम्ही गतीचं समीकरण म्हणतो. अक्षरांऐवजी चिन्हांत लिहिलेलं असतं, एवढंच. एका दगडासाठी ते बारावीतली मुलगीही लिहील. पण त्या दगडाला खाली दुसरी दोरी बांधून तिला दुसरा दगड टांगला की चित्र पालटतं. वरचा खालच्याला ओढतो, खालचा वरच्याला ओढतो. आता दोन समीकरणं लागतात आणि दोन्हींत दोघांची नावं असतात, त्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याचा हिशोब लागत नाही. तीन दगड, चार दगड, की मग पानांवर पानं. कुठेतरी उणेचं एक चिन्ह निसटतं आणि दहाव्या पानावर दगड आपोआप आकाशात जायला लागतो. मुलांच्या वह्यांमधले असे किती दगड मी खाली आणले, त्याची गणती नाही.

बाहेरची कामंही यायची. लालबागच्या एका मंडळासाठी हलते देखावे करणारे एक मेस्त्री माझ्या विद्यार्थ्याच्या ओळखीने आले होते. त्यांनी हत्ती केला होता, आणि त्याची सोंड पत्र्याच्या चार तुकड्यांची, बिजागऱ्यांनी जोडलेली. आतल्या मोटरीने सोंड सावकाश उचलून देवाला हार घालायचा, असा बेत. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर सोंडेचं टोक वाटेल तसं फिरायला लागायचं. एका कार्यकर्त्याचा चष्मा तिने उडवला होता. मी आठ दिवस बसले. चार तुकडे, चार समीकरणं, अकरा पानं. शेवटी मेस्त्रींना सांगितलं की मोटर थोडी मंद करा आणि तिसऱ्या बिजागरीत रबर घाला. सोंड दहाही दिवस शहाण्यासारखी वागली. मेस्त्री पेढे घेऊन आले, माझी अकरा पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "यात रबर कुठे लिहिलंय ते दाखवा ना मॅडम."

हे मी कौतुकाने सांगितलं. पुढचं सांगताना कौतुकाला जागा नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा एका बांधकाम कंपनीचं काम आमच्या विभागाकडे आलं. करी रोडजवळ, जिथे पूर्वी गिरणी होती तिथे, त्यांचा उंच टॉवर चालला होता. काँक्रीटचे तयार पॅनल क्रेनने वर न्यायचे होते. पॅनल वर आल्यावर झुलतं. ते जास्तीत जास्त किती आत येऊ शकेल, त्यावरून माणसांनी किती लांब उभं राहायचं, ते अंतर त्यांना कॉलेजकडून लेखी हवं होतं. त्या अंतरावर ते प्रत्येक मजल्याच्या जमिनीवर पिवळी रेघ मारणार होते. माल झुलत असेतोवर रेघेच्या अलीकडे थांबायचं, असा नियम.

टॉवरच्या क्रेनला वर एक आडवा लांब हात असतो. त्यावरून एक ट्रॉली पुढे-मागे सरकते, ट्रॉलीतून लोखंडी दोर खाली येतो, दोराला हुकाचा मोठा जड ठोकळा असतो, आणि हुकाला बेल्ट अडकवून त्याखाली माल. म्हणजे नीट पाहिलं तर हे दोन लंबक झाले. दोराखाली हुक हा पहिला आणि बेल्टखाली माल हा दुसरा. माझ्या आवडीचंच काम होतं.

पण कंपनीने विचारलं होतं ते सर्वांत जड पॅनलचं. खालचं वजन हुकापेक्षा खूपच जास्त असेल तर दोघं मिळून एकाच लंबकासारखे झुलतात. पुस्तकातही तसंच दिलेलं असतं आणि ते खरंही आहे. मी हुक आणि पॅनल एकत्र धरले, एक समीकरण लिहिलं, ट्रॉली जास्तीत जास्त किती वेगात सरकवायची ते ठरवलं, अंतर काढलं, त्यात सुरक्षेसाठी भर घातली. दोन दिवसांत काम झालं. आणि शेवटी, कोणी विचारलेलं नसताना, मी एक वाक्य लिहिलं: याहून हलक्या मालासाठी हेच अंतर पुरेसे आहे. जड मालाला पुरलं ते हलक्याला पुरणारच, असं मला वाटलं. हाताने एक ओळही मांडून न पाहता वाटलं. पत्र्याच्या सोंडेसाठी मी आठ दिवस दिले होते.

रिपोर्ट देण्याआधी एकदा जागेवर जाऊन आले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. क्रेनचा ऑपरेटर खाली उतरला होता. दत्ताराम परब, मूळचे मालवणकडचे, पन्नाशीचे. हात धुऊन रुमालाला पुसत ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, झोक्याचं तुम्हीच बघताय ना? एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, सांगा.

"जड पॅनल गुपचूप येतं. हलका माल छळतो. खाली असतो तोवर ठीक. वर आला, दोर आखूड झाला, की हुक थांबतो आणि माल झुलायला लागतो. मग माल थांबतो तर हुक झुलतो. दोघं आपसात देवाणघेवाण केल्यासारखे."

त्यांनी गळ्यातली ओळखपत्राची पट्टी काढली, तिच्या टोकाला चहाच्या टपरीवरच्या सुतळीने किल्ल्या बांधल्या आणि ती माझ्यासमोर झुलवून दाखवली. ओळखपत्र थांबलं, किल्ल्या झुलल्या. किल्ल्या मंदावल्या, ओळखपत्र झुलायला लागलं. हाच प्रयोग मी वर्गात दरवर्षी दोन पट्ट्या घेऊन करायचे, आणि मुलं थक्क झाली की मला आनंद व्हायचा.

मी परबांना म्हटलं, "हलक्या मालाला वारा लागतो. वाऱ्याचं वेगळं कलम घातलंय रिपोर्टात."

"वारा नसताना पण होतं, मॅडम."

"बरं, बघते मी," असं म्हणून मी कंपनीच्या इंजिनीअरबरोबर पुढे गेले. मी ते पाहिलं नाही. का पाहिलं नाही, याचा नंतर पुष्कळ विचार केला. रिपोर्टची तारीख जवळ आली होती हे खरं. पण त्याहून खरं हे की पानं टाईप होऊन तयार होती, उत्तर नीटस आलं होतं, आणि माझा विषय मला कोणी पट्टी-किल्ल्यांनी समजावून सांगावा हे मनातून रुचलं नव्हतं. साचेखात्यातल्या माणसाच्या मुलीला न रुचावं, हे लिहितानाही लाज वाटते.

रेघा मारल्या गेल्या. पॅनल चढत राहिले. सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं आणि मी ते काम विसरूनही गेले.

मग एके दिवशी कंपनीच्या इंजिनीअरचा फोन आला. एकोणिसाव्या मजल्यावर अपघात झाला होता. माल बांधणाऱ्या-उतरवणाऱ्यांना आपल्याकडे खलाशी म्हणतात, मग समुद्र जवळ असो की नसो. त्यांच्यातला विलास नावाचा एक खलाशी मालाच्या धक्क्याने खांबावर दाबला गेला होता. तिसऱ्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात तो वारला. इंजिनीअर म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, तुमचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित आहे, उलट चौकशीत त्याचाच उपयोग होणार आहे. फक्त सहीची एक प्रत पुन्हा पाठवा.

कसला उपयोग, असं मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. रिपोर्टप्रमाणे माल रेघेच्या आत येऊच शकत नाही. ज्या अर्थी माणसाला लागलं, त्या अर्थी तो रेघ ओलांडून पुढे गेला असणार, नाहीतर ऑपरेटरने ट्रॉली नको तेवढ्या वेगात सोडली असणार. दोघांपैकी एक.

मी विचारलं, "माल कोणता होता?"

"काचांसाठीची रिकामी चौकट, मॅडम. ॲल्युमिनियमची. काहीच वजन नव्हतं तिला. म्हणून तर आश्चर्य वाटतं."

"बेल्ट लांब होते?"

"हो, चौकट रुंद ना."

"आणि वारा?"

"छे. त्या दिवशी पान हलत नव्हतं."

फोन ठेवला आणि मी कोरे कागद घेतले. या वेळी हुक वेगळा धरला, चौकट वेगळी धरली. ऊर्जेच्या पद्धतीने गेले. ही पद्धत मला नेहमी प्रामाणिक वाटत आली आहे, कारण तिच्यात कोणतं बळ कुठे लावायचं याचा अंदाज बांधावा लागत नाही. प्रत्येक वस्तूत किती गती साठली आहे, ती किती उंचीवर आहे, एवढंच लिहायचं आणि नियमाने पुढे जायचं. चार पानांत दोन समीकरणं आली. त्यात हुकाचं वजन घातलं, चौकटीचं घातलं, एकोणिसाव्या मजल्यावर जेवढा दोर उरला होता तेवढी लांबी घातली. वरचा दोर आणि खालचे बेल्ट जवळजवळ सारख्याच लांबीचे झाले होते. अशा वेळी हुकातली सगळी हालचाल हळूहळू चौकटीत उतरते. हुक स्तब्ध होतो, आणि चौकट हलकी असल्यामुळे हुक झुलत होता त्याच्या कितीतरी पट झुलते. परबांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

चौकट माझ्या पिवळ्या रेघेच्या दीड हात आत येत होती. ट्रॉलीचा वेग मी ठरवून दिला होता तेवढाच धरूनही.

एकतीस वर्षं मी मुलांच्या गणितांतल्या चुका काढल्या. त्या चार दिवसांत स्वतःच्या गणितात एखादी चूक सापडावी म्हणून मी ते पाच वेळा नव्याने केलं. बळांच्या पद्धतीनेही केलं. कॉम्प्युटरवर घालून पाहिलं. दर वेळी तोच दीड हात.

विभागप्रमुखांकडे गेले. ते माझेच जुने विद्यार्थी, समंजस माणूस. त्यांनी सगळी पानं वाचली आणि दरवाजा लोटून घेतला. त्यांचं म्हणणं असं की कंपनीने जड पॅनलचं विचारलं, आपण जड पॅनलचं उत्तर दिलं, आणि ते आजही बरोबर आहे. चौकटी लांब बेल्टांवर नेताना पुन्हा विचारायला हवं होतं ते त्यांनी. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत मॅडम, तुम्ही हे अंगावर का घेता? त्यात माझ्याबद्दलची काळजी होती, कॉलेजबद्दलचीही असेल. मी म्हटलं, "एक वाक्य मी जास्त लिहिलंय." त्यांनी मला अडवलं नाही, हेही नोंदवते.

तरीही कंपनीला पत्र लगेच गेलं नाही. फोनपासून पत्रापर्यंत अकरा दिवस गेले. गणिताला चार पुरले होते. उरलेले सात दिवस मी काय करत होते ते मला नीट सांगता येत नाही. मसुदा लिहायचे, फाडायचे. "गृहीतकाची मर्यादा" असले शब्द घालायचे, मग खोडायचे. त्याच सात दिवसांत कंपनीने परबांना घरी बसायला सांगितलं होतं. ते मला नंतर कळलं.

शेवटी पत्र दिलं. त्यात साधं लिहिलं की हलक्या मालाबद्दलचं माझं विधान चुकीचं आहे, ठरलेल्या वेगातही चौकट रेघेच्या आत येते, त्यामुळे या अपघातात ऑपरेटरने वेगमर्यादा मोडली किंवा मृत माणसाने रेघ ओलांडली असं माझ्या रिपोर्टवरून म्हणता येणार नाही. कंपनीने पत्राची पोच दिली. रेघा मागे सरकवल्या, हलक्या मालासाठी बेल्टांची लांबी बदलली. चौकशीच्या कागदावर 'अपघात' एवढाच शब्द राहिला आणि फाईल मिटली. मला कोणी बोलावलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मी ठरल्या दिवशी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत एका विद्यार्थिनीने माझ्या काटेकोरपणाबद्दल सांगितलं तेव्हा मी टेबलाकडे बघत बसले.

परबांना शोधायला मला जायचंच होतं, पण धीर होत नव्हता. निवृत्तीनंतर महिन्याभराने गेले. करी रोडला त्यांच्या मेहुण्याचं पोळी-भाजी केंद्र आहे, तिथे ते काऊंटरवर बसायला लागले होते. कंपनीने नंतर परत बोलावलं होतं, पण ते क्रेनची शिडी पुन्हा चढलेच नाहीत. गिऱ्हाईक कमी झाल्यावर त्यांनी मला आतल्या बाकावर बसवलं. मी सगळं सांगितलं. पट्टी आणि किल्ल्यांपासून सुरुवात केली.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी तुम्हाला बोललो होतो, मॅडम."

"हो. बोलला होतात."

मग ते विलासबद्दल बोलायला लागले. दोघं अकरा वर्षं एकत्र होते, वेगवेगळ्या साईटवर. ऑपरेटर वर काचेच्या केबिनमध्ये, खलाशी मजल्यावर, मध्ये फक्त वॉकीटॉकी. जेवणाच्या सुट्टीतच काय तो चेहरा दिसायचा, बाकी दिवसभर नुसता आवाज. विलास माल यायच्या आधी उगाच काहीबाही बोलत राहायचा, आज डब्यात काय आहे, मुलीने शाळेत काय केलं. त्या दिवशी चौकट मजल्यापर्यंत आली तेव्हा मध्ये भिंत असल्यामुळे परबांना ती दिसत नव्हती, हुक तेवढा दिसत होता. "हुक अगदी थांबला होता. अशात माल झुलतो हे ठाऊक, म्हणून विचारलं, हुक थांबलाय, आत घेऊ? तो म्हणाला, घे. आणि मी रेघेच्या भरवशावर घेतली." एवढं सांगून त्यांनी समोरच्या पोळ्यांवरचं फडकं नीट केलं.

मी निघताना ते म्हणाले, "विलासच्या बायकोला सांगाल हे? चाळीत सगळे म्हणतात तो रेघ ओलांडून पुढे गेला. साईटवरूनच ती गोष्ट आली. त्याची बायको मला विचारते. मी सांगतो तो जाणारा नव्हता. पण क्रेन मीच चालवत होतो, माझं कोण खरं धरणार?"

विलासचं घर लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. बायको रेश्मा, पस्तिशीची, मसाल्याच्या एका दुकानात पाकिटं भरण्याच्या कामाला लागली होती. नुकतीच कामावरून आली होती, आणि तिच्या बोटांना हळदीचा रंग होता. सासू भिंतीला टेकून बसली होती. परबांनी माझी ओळख करून दिली आणि ते बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी सांगायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी वर्गात बोलते तसं बोलते आहे. लंबक, ऊर्जा, लांबीचं गुणोत्तर. रेश्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, मला असं नाही कळणार. कळेल असं लिहून द्याल? मी वाचेन. सासूबाईंनाही वाचून दाखवेन. आणि मुलगी मोठी झाली की तिलाही."

सासू तेव्हा पहिल्यांदा बोलली, आपल्या मुलाबद्दल. "माझो झील रेघ ओलांडणारो नव्हतो." माझ्याकडे न बघता.

ते एक पान लिहायला मला आठवडा लागला. चिन्ह एकही घालायचं नव्हतं. शब्दही असे हवे होते की ते वाचताना रेश्माला कोणाकडे जायला लागू नये. एखादं वाक्य सोपं केलं की ते खोटं व्हायचं, खरं ठेवलं की अवघड व्हायचं. शेवटी असं जमलं:

'क्रेनच्या दोराला हुक असतो आणि हुकाखाली बेल्टने माल टांगलेला असतो. ही दोन वजनं एकमेकांना हलवतात. माल हलका असेल आणि वरचा दोर आखूड झाला असेल, तर हुक थांबल्यासारखा दिसतो तेव्हाच माल सर्वांत जास्त झुलतो. त्या दिवशी चौकट हलकी होती. वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाला फक्त हुक दिसत होता आणि तो थांबलेला होता. ट्रॉलीचा वेग बरोबर धरला तरी चौकट पिवळ्या रेघेच्या दीड हात आत येते. रेघेच्या अलीकडे, नेमून दिलेल्या जागी उभ्या असलेल्या माणसालाही ती लागू शकत होती. श्री. विलास यांनी रेघ ओलांडली असं म्हणायला काही आधार नाही.'

खाली माझं नाव, शिक्षण आणि सही.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. या वेळी परब आत बसले. रेश्माने कागद घेतला, दाराजवळ उजेडात नेला आणि सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. मुलगी खाटेवर अभ्यासाला बसली होती, तिनेही लिहिणं थांबवलं होतं.

"म्हणजे ते उभे होते ती जागा बरोबर होती?" रेश्माने विचारलं.

"बरोबर होती. तिथेच उभं राहायला सांगितलं होतं."

"आणि दत्ताराम भाऊजींनी चौकट आत घेतली, तेही बरोबर?"

"हो. त्यांना जे दिसत होतं त्यावरून तेच करायचं असतं."

परब मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रेश्माने कागदावर बोट ठेवलं. "मग यात एक राहिलंय, बाई. त्यांचं चुकलं नाही, भाऊजींचं चुकलं नाही. मग चुकलं कोणाचं?"

मला वाटलं होतं की ती हे विचारणार नाही. उत्तर मात्र तयार होतं, कंपनीला दिलेल्या पत्रात मी लिहिलं होतं तेच.

"माझं. ती रेघ कुठे मारायची ते मी ठरवलं होतं. भाऊजींनी मला आधी सावध केलं होतं. मी ऐकलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मी अजून विसरलेले नाही. गॅलरीतून कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मग तिने कागद माझ्यासमोर धरला.

"हे पण लिहा त्यात."

मी पर्समध्ये पेन शोधायला लागले, सापडेना. मुलीने आपलं पुढे केलं. सहीच्या वर जागा नव्हती, म्हणून सहीच्या खाली लिहिलं: 'पिवळ्या रेघेची जागा मी ठरवली होती. ती चुकीची होती. ऑपरेटर श्री. दत्ताराम परब यांनी मला हे आधीच सांगितले होते.' आणि त्याखाली पुन्हा सही केली.

रेश्माने कागद घेतला, नवं लिहिलेलं वाचलं आणि सासूजवळ जाऊन बसली. म्हातारीला कमी ऐकू येत होतं. रेश्माने पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचायला सुरुवात केली.